खडक व खनिजे यांच्या परीक्षणात क्ष-किरणांचा उपयोग

(पांढुर्णा येथे शिक्षक, खाण कर्मचारी व शेतकरी बांधव यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर ही दोन नावे एकत्र आली. भूविज्ञानाच्या दृष्टीने पाहता मात्र ही जोडी मोठी विजोड आहे. पांढुर्ण्याच्या भोवती आपण ज्यास काळा कातळ म्हणतो तो दख्खनचा बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा तो खडक, त्याचीच झिजून झालेली काळी जमीन आणि त्या जमिनीवर आपल्या संत्र्याच्या बागा. सौंसर ओलांडून रामाकोन्याच्या बाजूस गेले की हा कातळ मागे पडतो आणि त्याच्या खालचे, त्याहून कितीतरी पटींनी जुने असे पट्टिताश्म, अभ्रकी सुभाजा आणि संगमरवर उघडे पडतात. या जुन्या खडकांच्या एका मोठ्या गटास भूवैज्ञानिक ‘सौंसर समूह’ म्हणतात. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरलेल्या या पट्ट्यातच देशातील मँगॅनीजचे प्रमुख साठे आहेत. आपल्या तहसिलीचे नाव भूविज्ञानाच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले आहे, ही गोष्ट येथील पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसते.

दुसरे एक नाव मात्र असेच ग्रंथांत गेले होते आणि पुढे ते पुसले गेले. ते कसे गेले व का पुसले गेले, हे सांगितले म्हणजे आजचा विषय निम्मा सांगून होईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मोर यांनी देशातील मँगॅनीजच्या साठ्यांचा अभ्यास हाती घेतला. १९०९ साली त्यांचा बृहद्‌ग्रंथ सर्वेक्षणाच्या संस्मरणिकांत प्रसिद्ध झाला. मँगॅनीजयुक्त गार्नेट व क्वॉर्ट्‌झ यांच्या खडकास त्यांनी या भागातील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ते आजही चालू आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथील धातुकात त्यांना काशासारखी करडी झाक असलेले एक कठीण खनिज आढळले. त्याचे रासायनिक पृथक्करण झाले आणि मँगॅनीज, लोखंड व चुना यांचे एक लांबलचक सूत्र निष्पन्न झाले. असे सूत्र असलेले खनिज माहीत नव्हते. त्यास गावाच्या नावावरून ‘सीतापाराइट’ असे नाव मिळाले.

त्यापूर्वी, १८९७ साली, अमेरिकेतील यूटा येथून ‘बिक्सबाइट’ नावाच्या एका काळ्या, घनाकार स्फटिकाच्या खनिजाचे वर्णन झालेले होते. त्यातही मँगॅनीज व लोखंड यांची ऑक्साइडे होती. परंतु सूत्रात चुना नव्हता, आणि स्फटिकांचे बाह्य रूपही सीतापारच्या ओबडधोबड दाण्यांशी जुळणारे नव्हते. दोन्हींचा संबंध कोणी जोडला नाही, यात दोष कोणाचाच नाही. त्या काळी खनिज ओळखण्याची साधने म्हणजे रंग, कस, काठिण्य, घनता, सूक्ष्मदर्शक आणि रसायनशाळा एवढीच होती. रसायनशाळा पदार्थात कोणती मूलद्रव्ये किती आहेत हे सांगते. ती कशा रचनेत बसली आहेत हे ती सांगत नाही. शिवाय कुटलेल्या चूर्णात शेजारच्या एखाद्या खनिजाचे कण मिसळले असतील, तर त्यांचीही बेरीज त्याच आकड्यांत होते.

१९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, स्वीडनमध्ये काम करणारे न्यूझीलंडचे तरुण खनिजशास्त्रज्ञ ब्रायन मेसन यांनी तेथील लाँगबान खाणीतील बिक्सबाइटचा अभ्यास केला आणि बिक्सबाइट व सीतापाराइट ही दोन खनिजे नसून एकच खनिज आहे, असे दाखविले. निर्णायक पुरावा क्ष-किरणांचा होता. आधीचे नाव टिकावे हा संकेत असल्याने ‘बिक्सबाइट’ राहिले आणि ‘सीतापाराइट’ हे नाव समानार्थी शब्दांच्या यादीत गेले. आपल्या परिसराचे एक नाव गेले याची हुरहुर वाटणे साहजिक आहे. मला स्वतःला मात्र त्यात उणेपण दिसत नाही. सीतापारचा दगड यूटा व लाँगबान येथल्या दगडांचा सख्खा भाऊ निघाला, हे ज्ञान नावापेक्षा मोलाचे होते.

नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथील चुंबकाकडे जोराने ओढल्या जाणाऱ्या एका धातुकास फर्मोर यांनी ‘व्रेडेनबर्गाइट’ म्हटले होते. पुढे घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठाचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण आणि क्ष-किरण यांवरून तो हॉसमनाइट व जेकबसाइट या दोन खनिजांचा एकमेकांत विणला गेलेला गुंता ठरला. सीतापारला दोन नावांचे एक खनिज निघाले, बेलडोंगरीला एका नावाची दोन निघाली.

आता क्ष-किरण हे कसे ओळखतात ते पाहू. विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ साली या किरणांचा शोध लावला. १९१२ साली माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून केलेल्या प्रयोगात असे दिसले की स्फटिकातून जाताना हे किरण ठरावीक दिशांना विखुरतात. यास विवर्तन म्हणतात. पाठोपाठ विल्यम हेन्री ब्रॅग व लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी त्याचा नियम मांडला आणि १९१५ सालचे नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यात आले.

नियम अवघड नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याची पेटी भरताना आपण पाहिली आहे. फळे थरावर थर अशी बसतात आणि दोन थरांतील अंतर फळाच्या आकारावर व ती रचण्याच्या पद्धतीवर ठरते. स्फटिकात अणूंचेही असेच थर असतात. हे अंतर अँगस्ट्रॉम या एककात मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. क्ष-किरणांची तरंगलांबीही याच मापाची असते, म्हणून ते या थरांवर विवर्तन पावतात. ज्या कोनात थराथरांवरून आलेले तरंग एकमेकांस पुष्टी देतात, त्या कोनात किरण जोरदार मिळतो. इतरत्र ते परस्परांस मारून टाकतात. कोन मोजला की थरांचे अंतर काढता येते. तांब्याच्या क्ष-किरण नलिकेतून येणाऱ्या, १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी क्वॉर्ट्‌झची सर्वांत जोरदार रेषा २६.६ अंशांच्या जवळ मिळते. त्यावरून ३.३४ अँगस्ट्रॉम हे अंतर येते. क्वॉर्ट्‌झ कन्हानच्या वाळूतला असो वा हिमालयातला, हा आकडा बदलत नाही.

पूर्वी यासाठी मोठा सुबक स्फटिक लागे. १९१६ च्या सुमारास डेबाय व शेरर यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत हल यांनी, साध्या चूर्णावर हे काम करून दाखविले. चूर्णात असंख्य कण असंख्य दिशांना पडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक थरासाठी काही कण योग्य कोनात सापडतातच. खाणीतील ओबडधोबड दगडास प्रयोगशाळेचे दार उघडले ते या चूर्णपद्धतीमुळे. १९३८ साली हॅनावॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थ तीन जोरदार रेषांवरून शोधण्याची पद्धत घालून दिली आणि पुढे तिच्यावरून कार्डांचा संग्रह निघाला. माझ्या उमेदीच्या काळात ती कार्डे लाकडी खणांत असत. आता संगणक तेच काम काही क्षणांत करतो. संगणक पुष्कळदा चुकीचे नावही तितक्याच तत्परतेने सुचवितो, हे तरुण सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

‘हे कुतूहल झाले, व्यवहारात उपयोग काय?’ असे खाणीवरील मंडळी विचारतील. मँगॅनीज धातुकाचेच उदाहरण घेऊ. विक्रीच्या वेळी मँगॅनीज किती टक्के, लोखंड किती, सिलिका किती आणि फॉस्फरस किती हे पाहिले जाते. समजा, दोन ढिगांत सिलिका प्रत्येकी १० टक्के निघाली. कागदावर त्या बाबतीत दोन्ही ढीग सारखेच. पण पहिल्या ढिगातील सिलिका क्वॉर्ट्‌झच्या कणांच्या रूपाने आहे. क्वॉर्ट्‌झची घनता २.६५ आणि मँगॅनीजच्या कठीण धातुकाची ४.७ च्या आसपास. योग्य आकाराचे तुकडे करून पाण्यात जिगवर धुतले तर पुष्कळसा क्वॉर्ट्‌झ वेगळा होऊन ढिगाची प्रत वाढेल. दुसऱ्या ढिगातील सिलिका ब्राउनाइटच्या रूपाने आहे. ब्राउनाइट हे मँगॅनीजचेच खनिज. शुद्ध रूपात त्यात मँगॅनीज सुमारे ६४ टक्के व सिलिका सुमारे १० टक्के असते आणि ही सिलिका त्याच्या स्फटिकरचनेचाच घटक असते. ती कुटून, धुऊन वा चुंबकाने काढता येणार नाही. त्या ढिगासाठी धुण्याचे यंत्र मांडणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. सिलिका स्पेसर्टाइन गार्नेटमध्ये असेल तर गोष्ट आणखी निराळी. गार्नेटची घनता ४.२ च्या जवळपास असल्याने धुण्याने ते नीट वेगळे होत नाही. आणि त्यात मँगॅनीज असूनही ते ३३ टक्क्यांच्याच आत असते.

लोखंडाचेही तसेच. ते वेगळ्या हेमॅटाइटच्या वा चुंबकीय जेकबसाइटच्या कणांत असेल तर काही उपाय सुचतो. बिक्सबाइटमध्ये असेल तर मँगॅनीजच्या शेजारी, त्याच जाळीत, त्याच्याच जागांवर ते बसलेले असते. रसायनशाळा ‘किती’ याचे उत्तर देते. जुन्या खाणींच्या भोवती पडलेले कमी प्रतीचे ढीग उपयोगात आणायचे असतील, तर ‘कोणत्या रूपात’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर विवर्तनातून मिळते. निष्णात रसायनज्ञ आकड्यांवरून खनिजांचा अंदाज करू शकतो हे खरे, पण तो अंदाजच. सीतापारला तो कसा फसला हे आपण पाहिलेच.

संगमरवराची कथा थोडक्यात सांगतो. सौंसर समूहातील लोहांगी संगमरवर मुख्यतः कॅल्साइटचा, तर बिचुआ संगमरवर डोलोमाइटचा. हातात घेतल्यास दोन्ही पांढरे. चुनाभट्टीस वा सिमेंटास मॅग्नेशिया जास्त असलेला दगड चालत नाही. क्ष-किरणांत कॅल्साइटची मुख्य रेषा ३.०४ अँगस्ट्रॉमवर, डोलोमाइटची २.८९ वर येते. दोन्ही मिसळले असतील तरी दोन्ही रेषा वेगवेगळ्या दिसतात.

याच किरणांची दुसरी पद्धत म्हणजे अनुस्फुरण. तीव्र क्ष-किरण नमुन्यावर सोडले असता त्यातील प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे ठरावीक क्ष-किरण बाहेर टाकते. मूलद्रव्याचा अणुक्रमांक आणि हे किरण यांचा नियम हेन्री मोझली यांनी १९१३ साली शोधला. दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले. या पद्धतीने मँगॅनीज, लोखंड, सिलिकॉन, फॉस्फरस यांचे प्रमाण थोड्या वेळात मिळते. मँगॅनीजच्या धातुकात येथे एक खाचखळगा आहे. मँगॅनीजची दुसरी रेषा लोखंडाच्या पहिल्या रेषेच्या अगदी शेजारी पडते. हातात धरण्याच्या उपकरणांत या दोन रेषा एकमेकींत मिसळतात आणि त्याची दुरुस्ती नीट केलेली नसेल तर नसलेले लोखंड दिसू लागते. फॉस्फरसचे किरण तर इतके दुबळे की हवेतच शोषले जातात. त्यांच्यासाठी निर्वात मार्ग लागतो. खाणीच्या तोंडाशी उपकरण टेकवून आलेला फॉस्फरसचा आकडा करारपत्रात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन पद्धतींत स्पर्धा नाही. मँगॅनीजचा अणुक्रमांक २५ व लोखंडाचा २६. विवर्तनास हे दोन अणू जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून बिक्सबाइटमध्ये लोखंड किती हे नुसत्या विवर्तनावरून नीट ठरत नाही. तेथे अनुस्फुरणाकडे वा जुन्या रसायनशाळेकडेच जावे लागते.

माझ्या स्वतःच्या फजितीची एक हकीकत सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सौंसर पट्ट्यातील एका धातुकाचे चूर्ण तांब्याच्या नलिकेवर लावले. आलेखावर रेषांऐवजी गवताळ कुरणासारखी उंच खरखर आली. नमुना स्फटिकरूप नाही असे मी लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, ‘नलिका कोणती होती?’ तांब्याचे किरण लोखंड व मँगॅनीज यांस अनुस्फुरित करतात आणि त्या फुकटच्या उजेडात खऱ्या रेषा बुडून जातात. लोखंडाच्या नलिकेचे किरण कमी ऊर्जेचे असल्याने ते या दोहोंपैकी एकासही चेतवू शकत नाहीत. नलिका बदलताच त्याच चूर्णाने ब्राउनाइटच्या स्वच्छ रेषा दिल्या. दोष दगडाचा नव्हता, माझा होता. मंगळावर गेलेल्या ‘क्युरिऑसिटी’ यानात २०१२ साली परग्रहावरील मातीचे पहिले क्ष-किरण विवर्तन झाले, तेव्हा त्याच्या उपकरणात कोबाल्टची नलिका बसविलेली होती. लोहयुक्त मातीचा हाच त्रास टाळण्यासाठी. त्या मातीत फेल्स्पार, पायरॉक्सीन व ऑलिव्हीन निघाले, म्हणजे आपल्या पांढुर्ण्याच्या कातळाच्याच कुळातली खनिजे!

कातळाचे नाव निघालेच आहे तर शेतकरी बंधूंसाठी दोन शब्द. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. याचे कारण तिच्यातील स्मेक्टाइट गटाची मृत्तिका-खनिजे होत. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व निघून जाते. विवर्तनात हे प्रत्यक्ष मोजता येते. हवेत सुकलेल्या नमुन्यात पापुद्र्यांचे अंतर १४ ते १५ अँगस्ट्रॉम असते. ग्लायकॉलच्या वाफेत ठेवल्यास ते १७ पर्यंत वाढते आणि ५५० अंश सेल्सिअसला तापविल्यास १० वर येते. असे फुगणारे खनिज दुसरे नाव सांगून लपू शकत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेसारख्या ठिकाणी काळ्या जमिनींवर या प्रकारचे काम झालेले आहे. मात्र बागेची पाने पिवळी पडली म्हणून कोणी मातीच्या क्ष-किरण परीक्षणाचा आग्रह धरू नये. जमिनीत चुनखडी किती आहे ते साध्या आम्लपरीक्षेने कळते. त्यासाठी हे महाग यंत्र नको.

क्ष-किरणांच्या मर्यादा सांगणेही माझे कर्तव्य आहे. नमुन्यात एखादे खनिज टक्का-दोन टक्केच असेल तर ते पुष्कळदा दिसत नाही. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर आहे. अभ्रकाचे पापुद्रे साच्यात आडवे पडतात आणि आपली रेषा वाजवीपेक्षा फुगवून दाखवितात. अभ्रकी सुभाजेच्या आलेखावरून टक्केवारी काढणाऱ्याने हे विसरू नये. नरम, हात काळे करणाऱ्या मँगॅनीजच्या मातकट धातुकात स्फटिक इतके बारीक असतात की रेषा पसरट होतात. आणि ब्राउनाइट व बिक्सबाइट या आपल्याच दोन खनिजांची सर्वांत जोरदार रेषा जवळजवळ एकाच जागी, २.७२ अँगस्ट्रॉमच्या आसपास, येते. ब्राउनाइटची रचना बिक्सबाइटच्याच धाटणीची असल्याने असे होते. एका रेषेवर निकाल देणारा येथे हमखास फसतो. दुबळ्या रेषाही वाचाव्या लागतात.

शेवटी नमुन्याविषयी. यंत्रात जाते ते चिमूटभर चूर्ण आणि ढीग असतो शेकडो टनांचा. ढिगाच्या पायथ्याचा हाताशी आलेला चकचकीत तुकडा उचलून पाठवू नये. ढिगाच्या सर्व बाजूंनी, वरून व खालून दगड घ्यावेत, फोडावेत, एकत्र करून शंकूसारखी रास करावी, तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून दोन टाकावेत आणि पिशवीएवढा नमुना उरेपर्यंत हेच करीत राहावे. फोडताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी, कारण क्वॉर्ट्‌झची बारीक धूळ फुप्फुसांचा कायमचा नाश करते. पिशवीत चिठ्ठी घालावी. तिच्यावर गाव, खाण, खड्ड्याची खोली, दिनांक आणि घेणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहावे, कारण ओल लागली की शाई पसरते. मूळ दगडाचा एक न फोडलेला तुकडाही सोबत द्यावा. चूर्णाने शंका निर्माण केली तर परत जाण्यास तोच उरतो.

मंचाशेजारील टेबलावर मी दोन आलेख ठेवले आहेत, एक ब्राउनाइटचा आणि दुसरा बिक्सबाइटचा. जोरदार रेषा दोन्हींत जुळतील. कोणत्या जुळत नाहीत, त्या पट्टी लावून आपणच शोधून पाहाव्यात. मी तेथेच उभा आहे.